पॅलस: तिरक्या कक्षेतला लघुग्रह आणि त्याचा शोध

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान सूर्याभोवती फिरणाऱ्या लाखो लघुग्रहांची ओळख करून देताना बहुतेक लेखांची सुरुवात सेरेसपासून होते, आणि तो सर्वांत आधी सापडलेला व सर्वांत मोठा असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. मात्र ‘तिथे एक ग्रह नसून असंख्य लहान गोलकांची वस्ती आहे’ ही कल्पना खऱ्या अर्थाने सुरू झाली ती सेरेसनंतर पंधरा महिन्यांनी सापडलेल्या पॅलसमुळे, असे माझे मत आहे. सेरेसच्या रूपाने खगोलशास्त्रज्ञांना ते शोधत असलेला ग्रह मिळाला होता. पॅलसने मात्र त्यांच्यापुढे प्रश्नच उभे केले, आणि त्यांतील बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट होती: त्याची कक्षा इतर ग्रहांच्या कक्षांच्या पातळीत नाही, ती जवळजवळ ३५ अंशांनी तिरकी आहे.

मुळात शोध कशाचा चालला होता, हे आधी पाहायला हवे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात योहान टिटियस आणि योहान बोडे या जर्मन अभ्यासकांनी ग्रहांच्या सूर्यापासूनच्या अंतरांमध्ये एक सोपा क्रम दाखवून दिला. ०, ३, ६, १२, २४, ४८, ९६ या संख्या घ्यायच्या, प्रत्येकीत ४ मिळवायचे आणि येणाऱ्या बेरजेला १० ने भागायचे. पृथ्वीचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर, हे १ एकक मानले, तर ०.४ वर बुध, ०.७ वर शुक्र, १ वर पृथ्वी, १.६ वर मंगळ, ५.२ वर गुरू आणि १० वर शनी असा चांगलाच मेळ बसतो, फक्त २.८ या अंतरावर काहीच नव्हते. १७८१ मध्ये विल्यम हर्शेल यांनी युरेनस शोधला आणि तो १९.२ एककांवर निघाला, तर या क्रमानुसार तो १९.६ वर असायला हवा होता. इतका जवळचा मेळ पाहून २.८ ची रिकामी जागा अनेकांना खटकू लागली. या क्रमामागे निसर्गाचा कोणताही मूलभूत नियम नाही, आणि पुढे सापडलेल्या नेपच्यूनने तो साफ मोडलाही. परंतु त्या काळी या क्रमावर विश्वास ठेवूनच मंडळी आकाश धुंडाळू लागली होती.

सप्टेंबर १८०० मध्ये ब्रेमेनजवळच्या लिलिएनथाल येथील योहान श्रोटर यांच्या वेधशाळेत काही खगोलशास्त्रज्ञ जमले आणि त्यांनी राशिचक्राचे २४ भाग पाडून प्रत्येक भाग एकेका निरीक्षकाकडे सोपवण्याचे ठरवले. या योजनेतच एक गृहीतक दडलेले होते. सगळे ज्ञात ग्रह राशिचक्राच्या अरुंद पट्ट्यातून फिरतात, तेव्हा न सापडलेला ग्रहही तिथेच असणार, असे सर्वांनी धरून चालले होते. प्रत्यक्षात सेरेस सापडला तो या योजनेबाहेरच. सिसिलीतील पालेर्मोच्या वेधशाळेत ताऱ्यांची सूची तयार करत असलेल्या ज्युसेप्पे पियाझ्झी यांना तो १ जानेवारी १८०१ रोजी दिसला. ११ फेब्रुवारीपर्यंत त्यांनी त्याचे वेध घेतले. त्यानंतर तो सूर्याच्या प्रकाशात हरवला. इतक्या थोड्या दिवसांच्या नोंदींवरून २४ वर्षांच्या कार्ल फ्रीडरिश गाऊस यांनी त्याची कक्षा काढून दाखवली, आणि त्या गणिताच्या आधारे वर्षअखेरीस फ्रांझ क्साव्हर फॉन झाख यांनी व लगेच दुसऱ्या रात्री ब्रेमेनमध्ये हाइनरिश व्हिल्हेल्म ओल्बर्स यांनी सेरेस पुन्हा शोधून काढला.

ओल्बर्स व्यवसायाने डॉक्टर होते. दिवसभर रुग्ण तपासायचे आणि रात्री घराच्या वरच्या मजल्यावरील दुर्बिणींमधून आकाश पाहायचे, असा त्यांचा क्रम होता. धूमकेतूंच्या कक्षा काढण्याची त्यांची पद्धत त्या काळातील खगोलशास्त्रज्ञ वापरत असत, त्यामुळे त्यांना केवळ हौशी म्हणणे अन्यायाचे होईल. सेरेसचा माग ठेवता यावा म्हणून त्यांनी कन्या तारकासमूहाच्या उत्तरेकडील भागातील बारीक तारे अगदी पाठ करून टाकले होते, आणि पुढची सगळी कथा या पाठांतरावर उभी आहे.

२८ मार्च १८०२ च्या रात्री ते आकाशाचा हाच भाग न्याहाळत होते. कन्या तारकासमूहातील २० क्रमांकाच्या ताऱ्याजवळ, म्हणजे जानेवारीत त्यांनी सेरेस पाहिला होता जवळपास त्याच ठिकाणी, त्यांना सातव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसण्याइतका अंधूक, एक तारा दिसला. शेजारच्या दोन ताऱ्यांशी तो समभुज त्रिकोण करत होता. जानेवारीत त्या जागी असा तारा नव्हता, याची त्यांना खात्री होती. तेजस्विता कमीजास्त होणारा एखादा तारा सध्या उजळला असेल, अशी शंका प्रथम त्यांच्या मनात आली. ती तपासण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे थांबणे आणि पुन्हा मोजणे. काही तासांतच त्रिकोणाचा आकार बदलल्याचे त्यांच्या लक्षात आले. तारे आपापल्या जागी होते. नवा ठिपका सरकला होता. पुढच्या रात्रींच्या निरीक्षणांनी तो खरोखरच प्रवास करत असल्याचे पक्के झाले. ओल्बर्स यांनी त्याला ग्रीक देवता अथेनाचे ‘पॅलस’ हे नाव दिले.

येथे योगायोगाचा वाटा मोठा होता, हे मान्य करायला हवे. पॅलस त्या वेळी राशिचक्राच्या मध्यरेषेपासून बराच उत्तरेला होता, आणि लिलिएनथालच्या योजनेप्रमाणे काटेकोरपणे शोध घेणाऱ्याच्या नजरेस तो पडला असता की नाही, याची शंका आहे. तो ओल्बर्स यांना दिसला, कारण सेरेसही त्या हंगामात त्याच भागात होता आणि तिथले तारे त्यांना तोंडपाठ होते. याच्या अगदी उलट घडले ते शार्ल मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या बाबतीत. १७७९ मध्ये एका धूमकेतूचा मार्ग नकाशावर मांडताना त्यांनी पॅलसचीही नोंद केली होती, मात्र एक साधा तारा म्हणून. तो ठिपका तिथेच राहतो की सरकतो, हे पुन्हा पाहण्याचे कारण त्यांना नव्हते, म्हणून तेवीस वर्षे आधी दिसूनही तो सापडला नाही.

आता तिरकेपणाकडे वळू. पृथ्वी सूर्याभोवती ज्या पातळीत फिरते, ती पातळी आधाराला घेतली, तर बुध वगळता सगळ्या ग्रहांच्या कक्षा तिच्याशी साडेतीन अंशांहून कमी कोन करतात, आणि बुधाचाही कोन सातच अंशांचा आहे. सेरेसची कक्षा सुमारे १०.६ अंशांनी तिरकी आहे, आणि तेही १८०१ मध्ये जास्तच वाटले होते. गाऊस यांनी पॅलसची कक्षा काढली तेव्हा हा कोन जवळजवळ ३५ अंशांचा निघाला. शिवाय ती बरीच लांबट होती: पॅलस सूर्याच्या जवळात जवळ सुमारे २.१३ एककांवर येतो आणि दूरात दूर ३.४१ एककांपर्यंत जातो. इतकी तिरकी व लांबट कक्षा तोवर फक्त धूमकेतूंचीच माहीत होती, त्यामुळे हा धूमकेतू तर नव्हे, असेही काहींना वाटले. परंतु त्याच्याभोवती धूसर आवरण नव्हते आणि शेपटीही नव्हती. खरा पेच निर्माण झाला तो त्याच्या सरासरी अंतरामुळे. ते २.७७ एकक निघाले, म्हणजे जवळजवळ सेरेसइतकेच, आणि सूर्याभोवतीच्या फेरीला लागणारा काळही दोघांचा सारखाच, सुमारे ४.६ वर्षांचा. एका ग्रहासाठी राखून ठेवलेल्या जागेवर आता दोघे दावेदार होते.

या पेचाला दोन उत्तरे दिली गेली. पहिले हर्शेल यांचे. दुर्बिणीतून पाहिल्यावर ग्रहांच्या चकत्या दिसतात, पण सेरेस आणि पॅलस कितीही मोठे करून पाहिले तरी ताऱ्यांसारखे ठिपकेच राहतात, हे लक्षात घेऊन त्यांनी मे १८०२ मध्ये या दोघांसाठी वेगळा वर्ग सुचवला आणि त्याला ‘अ‍ॅस्टेरॉइड’, म्हणजे ताऱ्यासारखे दिसणारे, असे नाव दिले. त्यांनी काढलेले आकारमान वास्तवापेक्षा फार लहान होते आणि श्रोटर यांनी काढलेले फार मोठे, पण ‘हे ग्रहांच्या पंक्तीत बसत नाहीत’ हा हर्शेल यांचा निष्कर्ष अचूक ठरला. त्यांच्या समकालीनांना तो फारसा रुचला नाही, आणि पुढची अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत पॅलसची गणना ग्रहांमध्येच होत राहिली.

दुसरे उत्तर खुद्द ओल्बर्स यांचे होते. कोणे एके काळी तिथे एक मोठा ग्रह होता, तो स्फोटाने किंवा टकरीने फुटला, आणि सेरेस व पॅलस हे त्याचेच तुकडे आहेत, अशी कल्पना त्यांनी मांडली. या कल्पनेची मांडणी फार नेटकी होती. एकाच ठिकाणी फुटलेल्या वस्तूचे तुकडे वेगवेगळ्या तिरक्या कक्षांमध्ये फेकले गेले, तरी प्रत्येक तुकड्याची कक्षा फुटीच्या जागेतून, आणि तिच्या बरोबर विरुद्ध दिशेच्या रेषेतून जाणारच. सेरेस आणि पॅलस यांच्या कक्षांच्या पातळ्या जिथे छेदतात, त्या दिशा कन्या आणि तिमिंगल या तारकासमूहांत येत होत्या, तेव्हा आणखी तुकडे शोधायचे तर या दोन दरवाजांवर पहारा ठेवा, असे त्यांचे सांगणे होते. १८०४ मध्ये कार्ल लुडविग हार्डिंग यांना तिमिंगलाच्या शेजारच्या भागात जूनो सापडला, आणि २९ मार्च १८०७ रोजी स्वतः ओल्बर्स यांना कन्येत व्हेस्टा सापडला. भाकीत खरे ठरले, असे त्या काळी कोणालाही वाटले असते.

तरीही सिद्धांत चुकीचा होता. पट्ट्यातील सगळ्या लघुग्रहांचे द्रव्यमान एकत्र केले, तरी ते आपल्या चंद्राच्या चार टक्क्यांपर्यंतही पोहोचत नाही. एवढ्यातून ग्रह होत नाही. गुरूच्या गुरुत्वाकर्षणाने तिथल्या कणांची आणि गोलकांची गती इतकी ढवळली गेली, की ते एकमेकांना चिकटून मोठा ग्रह होण्याऐवजी एकमेकांवर आदळत राहिले व बरेचसे द्रव्य तिथून बाहेर फेकले गेले, असे आज मानले जाते. म्हणजे हा पट्टा मोडलेल्या ग्रहाचा नाही, कधी घडूच न शकलेल्या ग्रहाचा आहे. मला या प्रकरणात ओल्बर्स यांचे मोल कमी झाल्यासारखे वाटत नाही. त्यांनी तपासता येईल असे भाकीत केले आणि वर्षानुवर्षे स्वतः दुर्बिणीशी बसून ते तपासले. व्हेस्टानंतर मात्र ३८ वर्षे, १८४५ पर्यंत, एकही नवा लघुग्रह सापडला नाही.

गाऊस यांना पॅलसने कित्येक वर्षे गुंतवून ठेवले. सूर्य आणि पॅलस असे दोघेच असते, तर कक्षा एकदा काढून काम संपले असते. पण गुरूच्या ओढीने ती सतत थोडी थोडी बदलत राहते, आणि तिरक्या व लांबट कक्षेच्या बाबतीत हे बदल मोजणे अतिशय किचकट होते, कारण जवळजवळ वर्तुळाकार व सपाट कक्षांसाठी चालणाऱ्या सोप्या युक्त्या येथे लागू पडत नव्हत्या. या खटाटोपातून १८१२ मध्ये एक सुंदर गोष्ट त्यांच्या हाती लागली. गुरूच्या ७ फेऱ्या होतात तेवढ्या काळात पॅलसच्या जवळजवळ नेमक्या १८ फेऱ्या होतात. आपण हिशेब करून पाहू शकतो: गुरूची एक फेरी ११.८६ वर्षांची, म्हणून सात फेऱ्यांची सुमारे ८३ वर्षे; पॅलसची एक फेरी ४.६१ वर्षांची, म्हणून अठरा फेऱ्यांचीही सुमारे ८३ वर्षेच. गाऊस यांनी हा शोध प्रथम केवळ शून्ये आणि एक यांच्या सांकेतिक ओळीत छापला होता.

पॅलस सापडला त्याच वर्षी, १८०२ मध्ये, इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम हाइड वुलस्टन यांनी एक नवा धातू शोधला आणि ताज्या बातमीतील लघुग्रहावरून त्याचे नाव पॅलेडियम ठेवले. पेट्रोल गाड्यांच्या धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या यंत्रणेत हा धातू आज मोठ्या प्रमाणावर वापरला जातो.

पॅलस नेमका केवढा आहे, हे ठरायला विसावे शतक जवळपास संपावे लागले. एक चांगली संधी २९ मे १९८३ रोजी आली, जेव्हा पॅलस जंबुक तारकासमूहातील एका ताऱ्याच्या समोरून गेला. अशा घटनेला पिधान म्हणतात. तारा इतका दूर असतो की त्याचे किरण समांतरच येतात, त्यामुळे लघुग्रहाची पृथ्वीवर पडणारी सावली जवळपास लघुग्रहाएवढीच असते. सावलीच्या वाटेवर ठिकठिकाणी उभ्या असलेल्या निरीक्षकांनी तारा किती सेकंद दिसेनासा झाला हे अचूक नोंदवले, की प्रत्येकाची नोंद म्हणजे लघुग्रहाच्या आकृतीची एकेक आडवी जीवा होते; त्या सगळ्या एकाखाली एक मांडल्या की बाह्यरेषा तयार होते. त्या दिवशी अमेरिकेच्या दक्षिण भागातून शंभराहून अधिक जीवा मिळाल्या, आणि त्यांत हौशी निरीक्षकांचा मोठा सहभाग होता. आजच्या मोजमापांनुसार पॅलसचा सरासरी व्यास सुमारे ५१० किलोमीटर आहे, म्हणजे तो व्हेस्टापेक्षा किंचितच लहान आणि पट्ट्यात तिसरा. त्याचे द्रव्यमान इतर लघुग्रहांवर आणि मंगळावर पडणाऱ्या त्याच्या सूक्ष्म ओढीवरून काढावे लागते. ते पट्ट्यातील एकूण द्रव्यमानाच्या आठ टक्क्यांच्या आसपास भरते.

त्याचा चेहरा आपल्याला दिसला तो २०२० मध्ये. चिलीतील अतिविशाल दुर्बिणीवरच्या ‘स्फिअर’ या उपकरणात हवेच्या थरथरीमुळे प्रतिमेत येणारा दोष एक लवचीक आरसा सेकंदाला हजाराहून अधिक वेळा आकार बदलून दुरुस्त करतो. या उपकरणाने टिपलेल्या छायाचित्रांत पॅलसचा पृष्ठभाग खड्ड्यांनी भरलेला दिसला: ३० किलोमीटरपेक्षा मोठी तीसहून अधिक विवरे, आणि त्याखेरीज दोन प्रचंड खोलगट प्रदेश. याचे कारण पुन्हा तिरकेपणातच आहे. महामार्गावर एकाच दिशेने धावणाऱ्या दोन गाड्या एकमेकींना लागल्या, तर धक्का त्यांच्या वेगांतील फरकाएवढाच बसतो. चौकात आडव्या येणाऱ्या गाडीची धडक मात्र पूर्ण वेगाची असते. पट्ट्यातील बहुतेक लघुग्रह एकाच दिशेच्या वाहतुकीसारखे फिरतात, आणि पॅलस प्रत्येक फेरीत दोनदा त्या वाहतुकीला तिरका छेद देतो. पट्ट्यातील टकरींचा सरासरी वेग सेकंदाला ५.८ किलोमीटर मानला जातो, तर पॅलसवर आदळणाऱ्या वस्तूंचा ११.५ किलोमीटर. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, त्यामुळे इतरत्र किरकोळ खूण सोडणारा दगडही पॅलसवर मोठे विवर पाडतो. पॅलसच्याच आसपास तशाच तिरक्या कक्षांमध्ये फिरणारे लहान लघुग्रहांचे एक कुटुंब आहे. ते अशाच एखाद्या मोठ्या आघातात त्याच्यापासून उडालेले तुकडे असावेत.

पॅलसची घनता पाण्याच्या २.९ पट आहे. बर्फाचा मोठा साठा बाळगणारा सेरेस २.१६ पट आणि वितळून थंड झालेल्या खडकांचा व्हेस्टा ३.४६ पट, अशा दोन टोकांच्या मध्ये तो बसतो. पाण्याशी संयोग झालेल्या खनिजांच्या खुणा त्याच्या प्रकाशात मिळतात, म्हणजे अगदी सुरुवातीच्या काळात त्याच्या खडकांना पाणी लागलेले आहे. त्याचा स्वतःचा आसही जवळजवळ आडवा पडलेला आहे, त्यामुळे ध्रुवांजवळच्या प्रदेशात सलग दोन वर्षांच्या आसपास सूर्य मावळत नाही आणि तितकाच काळ उगवत नाही.

डिसेंबरच्या मध्यावर सह्याद्रीतल्या अंधाऱ्या माथ्यांवरून दिसणारा मिथुन उल्कावर्षाव अनेकांनी पाहिला असेल. त्या उल्का फेथॉन नावाच्या लहान लघुग्रहाने मागे सोडलेल्या कणांच्या आहेत, आणि फेथॉन हा पॅलसच्या कुटुंबातून निसटलेला असावा, असे २०१० मध्ये सुचवण्यात आले होते. नंतरच्या निरीक्षणांनी या नात्याबद्दल गंभीर शंका उपस्थित केल्या आहेत, तेव्हा ते सिद्ध झालेले सत्य म्हणून सांगणे योग्य नाही. खुद्द पॅलस पाहायचा असेल, तर दर सुमारे पंधरा महिन्यांनी तो सूर्याच्या विरुद्ध दिशेला येतो तेव्हा साध्या द्विनेत्रीतूनही सापडू शकतो.

व्हेस्टा आणि सेरेस यांच्याभोवती ‘डॉन’ हे यान प्रत्यक्ष फिरून आले. पॅलसजवळ अजून एकही यान गेलेले नाही. पृथ्वीवरून निघणारे यान पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीतच असते, आणि त्या अंतरावर सेकंदाला सुमारे १८ किलोमीटर वेगाने फिरताना आपली दिशा ३५ अंशांनी वळवायची, तर केवळ त्या वळणासाठी सेकंदाला साडेदहा किलोमीटरच्या आसपास वेगबदल करावा लागेल. ‘डॉन’च्या आयन इंजिनाने अकरा वर्षांच्या संपूर्ण मोहिमेत मिळून जेवढा वेगबदल केला, तो सेकंदाला सुमारे साडेअकरा किलोमीटर होता. त्यामुळे पॅलसभोवती घिरट्या घालण्याचा विचार बाजूला ठेवून, तो ग्रहांच्या पातळीला जिथे छेदतो त्या बिंदूवर त्याला गाठायचे आणि वेगाने शेजारून निघून जायचे, हाच व्यवहार्य मार्ग उरतो. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या गटाने ‘अथेना’ नावाच्या छोट्या यानाचा असा प्रस्ताव नासापुढे मांडला होता, पण त्याची निवड झाली नाही. अशी भेट काही तासांची असली, तरी पृष्ठभागावर दिसलेला एक तेजस्वी डाग सेरेसवरच्या डागांप्रमाणे क्षारांचा आहे की नाही, आणि ते मोठे खोलगट प्रदेश कोणत्या आघाताने तयार झाले, हे ठरवायला जवळून घेतलेली थोडी छायाचित्रेही पुरेशी ठरतील.